हातात प्रश्न, समोर रॅक : संशोधन प्रकल्पासाठी मुलांना ग्रंथालय कसं शिकवावं

जून-जुलैत नव्या वर्गाला ग्रंथालय दाखवायचा कार्यक्रम बहुतेक कॉलेजांत होतो. साठ-सत्तर मुलं एका दमात आत येतात, ग्रंथपाल वेळा सांगतात, कार्डाचे आणि दंडाचे नियम सांगतात, पिशव्या बाहेर ठेवायला सांगतात आणि अर्ध्या तासात सगळे कॅन्टीनमध्ये. ग्रंथालय कोणत्या मजल्यावर आहे एवढं मुलांना कळतं. पुढे प्रकल्पाचा विषय मिळतो तेव्हा यातलं काही आठवत नाही, आणि आठवण्यासारखं त्यात फारसं काही नसतंही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गांतही क्षेत्र प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प आले. पुस्तक शोधणं हा आता फक्त पीएच. डी. करणाऱ्यांचा प्रश्न राहिलेला नाही. ते शिकवायचं तर मुलाच्या हातात प्रश्न असताना आणि रॅकसमोर उभं राहूनच शिकवावं लागतं. प्रोजेक्टरवर ते जमत नाही. पुढची पद्धत विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून वापरायची आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे : महाराष्ट्रातला १९७२चा दुष्काळ. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल किंवा मराठी, कोणत्याही विभागातलं मूल हा विषय घेऊ शकतं.

आधी शिक्षकाने स्वतः शोधावं

मुलांना नेण्याच्या आठवडाभर आधी ग्रंथपालांसोबत बसा आणि तुम्ही दिलेले विषय तुमच्याच ग्रंथालयात शोधून बघा. संगणकावर दिसणारं पुस्तक रॅकवर आहे का, हेही जाऊन पाहा. काही बांधणीला गेलेली असतात, काही चुकीच्या जागी लागलेली असतात आणि काही आपल्याच सहकाऱ्यांच्या नावावर कित्येक वर्षं असतात. (ती परत मागवायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.) ज्या विषयावर पाच-सहा पुस्तकंही हाती लागत नाहीत, तो विषय पहिल्या वर्षाच्या मुलाला देऊ नका.

गट बारा-पंधरा जणांचा ठेवा. दीड-दीड तासाच्या दोन बैठका, मध्ये आठवड्याचं अंतर. पहिल्या बैठकीत शोधायचं, दुसरीत सापडलेली पुस्तकं उघडून बसायचं. आपल्याकडे अजूनही पुष्कळ कॉलेजांत पुस्तकं कुलूपबंद कपाटांत असतात आणि मुलाने मागणी चिठ्ठी भरली की ग्रंथालयातले मामा पुस्तक आणून देतात. अशा ठिकाणी त्या दीड तासापुरती संबंधित कपाटं उघडायची परवानगी आधीच काढून ठेवा. चिठ्ठीवर फक्त माहीत असलेलं पुस्तक मिळतं. माहीत नसलेलं सापडायला कपाट उघडं लागतं.

विषयाचा प्रश्न करणं

काउंटरवरचा नेहमीचा संवाद असा असतो :

"मॅडम, दुष्काळावर पुस्तक आहे का?"

"कोणता दुष्काळ?"

"म्हणजे... महाराष्ट्रातला."

महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ झाला, १८७६-७८चा झाला, १८९९-१९००चा छप्पन्या झाला, १९७२चा झाला आणि त्यानंतरचेही आहेत. मूल गोंधळलेलं असतं, कारण त्याच्याकडे शीर्षक आहे, प्रश्न नाही. अशा वेळी त्याला पुस्तक काढून देण्याची घाई करू नका. त्याला संदर्भ विभागात न्या.

मराठी विश्वकोश इथे कामाला येतो. नोंद वाचायची ती उतरवून घेण्यासाठी नाही, तर नावं, वर्षं आणि शब्द गोळा करण्यासाठी. नोंदीच्या शेवटी 'पहा' आणि 'संदर्भ' असतात. मुलं नेमकं तेच वगळतात. दुसरं साधन म्हणजे जिल्हा गॅझेटियर, जिल्ह्याची सर्वांगीण माहिती देणारा सरकारी ग्रंथ. कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या जुन्या मालेत अहमदनगरचा सतरावा आणि सोलापूरचा विसावा खंड १८८४चे आहेत. शेतीच्या प्रकरणात त्या जिल्ह्याच्या दुष्काळांचा इतिहास सापडतो. १९७२वर काम करणाऱ्याने हे का वाचावं, असं मूल विचारेल. त्या जिल्ह्यात हे पहिल्यांदा घडलं नव्हतं हे कळल्यावर प्रश्नच बदलतो, म्हणून.

वीस-पंचवीस मिनिटांत कागदावर काय यायला हवं? १९७२च्या दुष्काळासोबत रोजगार हमी योजनेचं नाव येतं. मग या योजनेचे जनक वि. स. पागे यांचं नाव येतं आणि पागे म्हटलं की सांगली जिल्ह्यातला तासगाव तालुका येतो, जिथे या कल्पनेचा प्रयोग दुष्काळाच्या आधीच, १९६०च्या दशकात झाला होता. १९७७चा रोजगार हमी कायदा येतो, जो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. एवढं समोर आलं की 'दुष्काळ' या ढोबळ शब्दातून खरे प्रश्न निघू लागतात : दुष्काळी कामांवर बायकांना मजुरी किती मिळायची? आमच्या तालुक्यातले पाझर तलाव तेव्हाचे आहेत का? सुकडी (दुष्काळात वाटलं जाणारं पूरक खाणं) कोणाला मिळायची? दुष्काळ संपल्यावर गावातली किती माणसं मुंबई-पुण्याहून परतली? यातला एक प्रश्न मुलाने वहीत पूर्ण वाक्यात लिहिला की पुढे जायचं. तोवर नाही.

शब्दांची यादी

संगणकाजवळ जाण्याआधी कागदावर शब्द लिहून घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. दुष्काळ, अवर्षण, टंचाई, रोजगार हमी, दुष्काळी कामं, पाझर तलाव, स्थलांतर. इंग्रजीत ड्रॉट, फॅमिन, स्कर्सिटी, रिलीफ वर्क्स.

ही यादी का लागते, याचं या विषयातलं उदाहरण मुलांना नक्की सांगा. १९६३मध्ये महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि तिथे 'स्कर्सिटी' आणली. ब्रिटिश काळात फॅमिन कमिशनं होती, फॅमिन कोड होते. १९७२चे सरकारी कागद मात्र टंचाईची भाषा बोलतात. जो मुलगा फक्त 'फॅमिन' टाकून शोधेल त्याला एकोणिसावं शतक भरपूर मिळेल आणि स्वतःच्या विषयावरचे अहवाल हुकतील. प्रत्येक विषयात असे शब्द असतात. ते विषयशिक्षकाला माहीत असतात, ग्रंथपालांना माहीत असतीलच असं नाही. दोघांनी मिळून शिकवायचं ते याचसाठी.

ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर) शोधताना

कोहा, सोल, ई-ग्रंथालय यांपैकी कोणतं ना कोणतं सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल. पडदा वेगळा दिसला तरी खुबी त्याच आहेत.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण लिपीची. एकाच ग्रंथालयात काही मराठी पुस्तकं देवनागरीत नोंदवलेली असतात, काही रोमन अक्षरांत. रोमनमध्ये नोंद करणाऱ्याने 'दुष्काळ' लिहिताना 'का'साठी एक ए घातला की दोन, हे त्याचं त्याला ठाऊक. म्हणून प्रत्येक शब्द देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघायला शिकवा. लेखकांच्या नावांचंही तेच : जोतीराव आणि ज्योतिराव, शिरवाडकर आणि कुसुमाग्रज. नोंद आडनावाने असते, टोपणनावाने असते, कधी दोन्हीकडे विभागलेली असते. 'शून्य निकाल' याचा अर्थ 'पुस्तक नाही' असा घ्यायचा नाही, हे मुलांच्या मनात पक्कं बसवा. निम्म्या वेळा पुस्तक असतं, शब्द चुकलेला असतो.

दुसरी खुबी अशी : एक चांगलं पुस्तक सापडलं की त्याची पूर्ण नोंद उघडायची. त्यात ग्रंथालयाने दिलेले विषय-शब्द असतात. त्यावर क्लिक केलं की त्याच विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात, मग त्यांच्या नावात 'दुष्काळ' असो वा नसो. आपल्या अंदाजाच्या शब्दांवरून ग्रंथालयाच्या शब्दांवर जायचा हा सोपा रस्ता आहे, पण कोणी दाखवल्याशिवाय मुलांना तो दिसत नाही.

नोंदीतून वहीत उतरवायचं ते बोधांकासकट. बोधांक आणि दाखल क्रमांक यांत मुलं हमखास गफलत करतात. बोधांक पुस्तकाची जागा सांगतो. दाखल क्रमांक त्या प्रतीची ओळख असते. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर बोधांक एक आणि दाखल क्रमांक तीन. जुनं कार्ड-कॅटलॉगचं कपाट अजून टिकून असेल तर तेही उघडून दाखवा. जुनी पुस्तकं संगणकावर चढायची राहिलेली असतात आणि तिथेच सापडतात.

रॅकपाशी

ही पायरी घाईत उरकू नका.

बहुतेक कॉलेजांत ड्युई दशांश वर्गीकरण चालतं. मेलव्हिल ड्युईने ते १८७६मध्ये काढलं. मुलांना सगळे वर्ग पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र करून घ्या : पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांवर ३३८.२, ३३८.१९, ३३८.०९ आणि ३३८.१ असे क्रमांक लिहा आणि क्रमाने लावायला सांगा. बरेच जण ३३८.१९ हा ३३८.२च्या पुढे ठेवतील, कारण त्यांना एकोणीस दोनपेक्षा मोठा वाटतो. बरोबर क्रम ३३८.०९, ३३८.१, ३३८.१९, ३३८.२ असा आहे. दशांश चिन्हानंतर एकेक आकडा वाचायचा. एवढं कळलं नाही म्हणून पुस्तक एका हातावर असताना 'नाहीये, सर' म्हणत मुलं परत येतात.

यानंतर त्यांना फिरवा. दुष्काळ हा विषय ग्रंथालयात एका जागी राहत नाही. शेतीचं अर्थशास्त्र ३३८.१ला, श्रम आणि रोजगार ३३१ला, पाण्याचा साठा आणि वापर ३३३.९१ला, अन्नपुरवठा आणि उपासमार ३६३.८ला, पाऊस आणि हवामान ५५१.५मध्ये, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ला, आणि दुष्काळावरच्या कादंबऱ्या पार दुसऱ्या टोकाला ८९१.४६३मध्ये. गटातल्या दोघादोघांना एकेक रॅक वाटून द्या आणि प्रत्येक जोडीने दोन पुस्तकं आणायची असं सांगा. सगळी टेबलावर मांडली की एकाच घटनेकडे किती बाजूंनी पाहता येतं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मजुरीचा प्रश्न घेतलेल्या मुलीला तेव्हा कळतं की तिचं खरं पुस्तक दुष्काळाच्या रॅकवर नव्हतं, श्रमाच्या रॅकवर होतं.

ज्या पुस्तकासाठी गेलात त्याच्या डावी-उजवीकडची पाच-पाच पुस्तकं काढून बघायची, हा नियमच करून टाका. मोठ्या आकाराची पुस्तकं, सरकारी अहवाल, जनगणनेचे खंड बहुधा वेगळ्या कपाटात असतात, त्यांच्याबद्दल विचारावंच लागतं. आणि काढलेलं पुस्तक मुलांनी स्वतः परत रॅकवर लावायचं नाही, टेबलावर ठेवायचं. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक पुढच्या तपासणीपर्यंत हरवलेलंच असतं.

पुस्तक दहा मिनिटांत कसं तपासायचं

दुसरी बैठक इथून सुरू होते. शाळेपासून मुलांना पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची सवय लावलेली असते, त्यामुळे चारशे पानं बघून ती बिचकतात. संशोधनात बरीचशी पुस्तकं पूर्ण वाचायची नसतात. त्यांना आपला प्रश्न विचारायचा असतो.

आधी शीर्षकपानाच्या मागची बाजू. पहिली आवृत्ती कधीची, हातातली प्रत नवी आवृत्ती आहे की नुसतं पुनर्मुद्रण? १९७४ला लिहिलेलं पुस्तक २०१५ला पुन्हा छापलं म्हणून त्यातली माहिती २०१५ची होत नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर वर्ष शालिवाहन शकात दिलेलं असतं. त्यात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन मिळतो, शके १८१८ म्हणजे १८९६.

मग अनुक्रमणिका, मग प्रस्तावना. प्रस्तावनेत लेखक कोण, त्याने माहिती कुठून आणली आणि पुस्तक का लिहिलं ते कळतं. दुष्काळी कामांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं पुस्तक, मजुरांच्या संघटनेत काम केलेल्या कार्यकर्त्याचं पुस्तक आणि पुढे कधीतरी आकडेवारी तपासणाऱ्या अभ्यासकाचं पुस्तक, तिन्ही एकाच खडी केंद्राबद्दल (दुष्काळी मजूर दगड फोडायचे त्या जागेबद्दल) वेगवेगळं बोलतील. कोणतं टाकायचं हा प्रश्न नसतो. कोण कुठून बोलतंय हे टिपून ठेवायचं असतं.

त्यानंतर शेवटची पानं : शब्दसूची आणि संदर्भसूची. आपल्या यादीतले शब्द सूचीत बघायचे आणि फक्त ती पानं उघडायची. मराठीत इथे घोडं अडतं. चांगल्या चांगल्या वैचारिक पुस्तकांनाही सूची नसते, आणि हा आपल्या प्रकाशनव्यवहाराचा जुना आळस आहे. सूची नसेल तर अनुक्रमणिकेवरून दोन प्रकरणं निवडायची, प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचायचा आणि मधली पानं भरभर चाळत तालुक्याची नावं, आकड्यांचे तक्ते, तळटिपा शोधायच्या. हे तुम्ही एकदा मुलांसमोर करून दाखवा, मोठ्याने बोलत : "हे प्रकरण नको, हे १९५२चं आहे, इथे मजुरीचा तक्ता आहे, हे थांबून बघू." मग प्रत्येकाला एक पुस्तक आणि दहा मिनिटं द्या. शेवटी त्याने तीन ओळी लिहायच्या : हे पुस्तक माझ्या प्रश्नाला कुठे उपयोगी आहे, कोणती पानं, आणि काय यात नाही.

टिपणं

वही असो की कार्ड, शिस्त महत्त्वाची. टिपण सुरू करण्याआधी लेखक, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष. प्रत्येक टिपणापुढे पान क्रमांक. शब्दशः उतरवलेलं अवतरणचिन्हांत, स्वतःच्या शब्दांतलं त्याविना, आणि स्वतःला सुचलेलं समासात वेगळ्या शाईने. या तीन गोष्टी वहीत मिसळल्या की महिन्याभराने कोणतं वाक्य कोणाचं ते मुलालाच सांगता येत नाही, आणि वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणं इथूनच सुरू होतात.

मोबाइलवर पानांचे फोटो काढायला ग्रंथालयाची परवानगी असेल तर आडकाठी करू नका, पण पहिला फोटो शीर्षकपानाचा. नाहीतर गॅलरीत पन्नास पानं असतात आणि ती कोणत्या पुस्तकाची ते कोणालाच ठाऊक नसतं.

आकड्याच्या मागे जाणं

संदर्भसूची मुलांना शोभेची वाटते. तिचा उपयोग एका आकड्यावरून दाखवा. १९७३च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. मुलांना विचारा : हे लेखकाला कोणी सांगितलं? तळटीप बघा. ती दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवत असेल तर ते पुस्तक काढा, त्याची तळटीप बघा. सरकारी अहवालापर्यंत किंवा तेव्हाच पाहणी केलेल्या अभ्यासकापर्यंत पोचलात की थांबा. मध्येच वाट तुटली तर तेही प्रकल्पात लिहा. दोन-तीन पुस्तकांच्या संदर्भसूच्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं तर ते पुस्तक आधी मिळवायचं.

याच कामासाठी शोधगंगा उपयोगी आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे विनामूल्य वाचता येतात. पदवीच्या मुलाने प्रबंध वाचावाच असं नाही, पण त्याच्या शेवटची ग्रंथसूची म्हणजे कोणीतरी काही वर्षं खपून केलेली आयती यादी असते.

आपल्याकडे नसेल तर

जिल्हा ग्रंथालय आणि गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय आधी बघा. जुनी मराठी पुस्तकं कॉलेजापेक्षा तिथे जास्त सापडतात. पुण्यात असाल तर अर्थशास्त्र आणि शेतीसाठी गोखले संस्थेतलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय (पूर्वीचं सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचं), मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पणजीत कृष्णदास शामा ग्रंथालय. बाहेरच्या विद्यार्थ्याने जाताना प्राचार्यांच्या सहीचं ओळखपत्र न्यावं, काय बघायचं त्याची बोधांकासह यादी न्यावी आणि आधी फोन करून वेळ विचारावी. तारखा नीट माहीत नसलेल्या जुन्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची अजूनही पहिली पायरी आहे; तिच्या दोन भागांत १८०० ते १९५०पर्यंतच्या मराठी ग्रंथांच्या नोंदी आहेत.

घरबसल्या म्हणाल तर नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, आणि कॉलेज सभासद असेल तर एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या योजनेचं) खातं ग्रंथपाल काढून देतात. मुलांना त्याचा पत्ताच नसतो.

गुण कशाला द्यायचे

अंतिम प्रकल्पाला सगळे गुण ठेवलेत तर मुलं शेवटच्या आठवड्यात इंटरनेटवरून तो जमवतील. म्हणून शोधालाच गुण द्या. प्रत्येकाकडून दोन गोष्टी मागा : कोणते शब्द टाकून पाहिले, काय सापडलं, काय फसलं याची दोन पानी शोधनोंद, आणि पाच पुस्तकांची यादी, प्रत्येकापुढे त्या तीन ओळी.

यादीत प्रत्येक पुस्तकापुढे ग्रंथालयाचं नाव आणि दाखल क्रमांक लिहायला लावा. हल्ली चॅटबॉटला विचारून आणलेल्या याद्यांत कधीच न छापलेली पुस्तकंही असतात, नावं मात्र अगदी खरी वाटतात. दाखल क्रमांक पुस्तक किंवा ग्रंथालयाची नोंद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मिळत नाही आणि तपासायला ग्रंथपालांना मिनिटही लागत नाही. ऑनलाइन वाचलेल्या पुस्तकापुढे दुवा आणि वाचलेली पानं.

शोधनोंदी तपासून झाल्या की 'शोधलं पण मिळालं नाही' या रकान्यातली नावं एका कागदावर काढा आणि ग्रंथालय समितीच्या बैठकीत ठेवा. मार्चअखेरीच्या खरेदीत त्यातली आठ-दहा पुस्तकं आली तर पुढच्या तुकडीला हाच विषय पुन्हा देता येतो.